चोवीस तासांचं स्टेटस

(औरंगपुऱ्यात तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : इंटरनेट आणि आपलं जगणं. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला मी काही समाजशास्त्रज्ञ नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. अर्धा दिवस कोड लिहितो आणि उरलेला अर्धा दिवस दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका शोधतो. त्यामुळे धंद्यातलं जे मला ठाऊक आहे आणि या शहरात राहून जे पाहिलं, तेवढंच सांगणार आहे.

औरंगपुऱ्याशी माझं नातं तसं इंटरनेटचंच आहे. अकरावीत होतो तेव्हा, म्हणजे २००६-०७ च्या सुमारास, मंडईच्या बाजूला सायकल लावायची आणि सायबर कॅफेत शिरायचं. प्लायवूडच्या खोपट्यासारख्या केबिन, तासाला वीस रुपये. आत सोडण्याआधी मालक रजिस्टर पुढे सरकवायचा. नाव, पत्ता, आल्याची वेळ, सही, वर ओळखपत्राची झेरॉक्स. आम्हा पोरांना त्या रजिस्टरचा भारी राग. आम्ही कधी आलो, कधी गेलो हे लिहून ठेवणारा हा कोण? आज आठवलं की हसू येतं. त्या रजिस्टरात एवढंच होतं की अमुक मुलगा अमुक वेळी आला. कुठल्या चित्रावर किती सेकंद थांबला, रात्री किती वाजता झोपला, कुणाशी भांडला, हे त्यात नव्हतं. आणि वही भरली की ती रद्दीत जायची. आता खिशात जे रजिस्टर आहे ते आपल्याला सही मागत नाही. ते आपोआप भरतं आणि रद्दीत जात नाही.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि वर्षभरात आपल्या गल्ल्या बदलल्या. त्याआधी एक जीबी डेटा महिनाभर पुरवून वापरायचो, नंतर तो दिवसाला मिळू लागला. अम्मीच्या हातात स्मार्टफोन आला, गवंडीकाम करणाऱ्याच्या हातात आला, बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात आला. चांगलं झालं की वाईट झालं, या वादात मला पडायचं नाही. माझी स्वतःची इंजिनिअरिंगची डिग्री कॉलेजच्या वर्गांपेक्षा इंटरनेटनं जास्त पूर्ण करून घेतली, त्यामुळे मी त्याच्या विरोधात बोलणार नाही. पण सायकलसुद्धा शिकताना कुणीतरी मागून सीट धरतं. इथं कुणीच धरली नाही.

आता एका रात्रीची गोष्ट सांगतो.

दोन-अडीच वर्षांपूर्वी रात्री साडेअकराला फोन आला. आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा. आवाज घाबरलेला. त्यांच्या मुलानं व्हॉट्सॲपवर एक स्टेटस ठेवलं होतं. एक चित्र आणि मागं एक गाणं, कुठल्या तरी पेजवरून तयार उचललेलं. त्या चित्रात काय होतं ते मी इथं सांगत नाही, कारण आपली चर्चा लगेच त्यावर जाईल. मुलाच्याच कॉन्टॅक्टमधल्या कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढला. तो एका ग्रुपमध्ये गेला, तिथून दुसऱ्या, तिथून दहाव्या. दोन तासांत मुलाचा फोटो, फोन नंबर आणि घराचा पत्ता अशा लोकांच्या हातात होता, ज्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. चाचा मला म्हणाले, ‘बेटा, तू कंप्यूटरवाला है ना, ये मिटाते आता क्या?’

मिटाते आता क्या. पुसता येतं का. मराठीच्या सहवासात वाढलेली आपली ही दखनी. मला त्यांना सांगावं लागलं की नाही, येत नाही. मुलानं ते स्टेटस दहा मिनिटांतच काढून टाकलं होतं, तरीही नाही. जगातला कुठलाही इंजिनिअर ते परत आणू शकत नव्हता.

गुन्हा दाखल झाला. मुलगा सतरा वर्षांचा, म्हणून प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं. चाचांचं दुकान आठवडाभर बंद राहिलं. मोठ्या मुलीचा साखरपुडा पुढं ढकलला गेला. मुलगा बारावीच्या परीक्षेला बसला, पण क्लासला जाणं बंद केलं, कारण स्क्रीनशॉट काढणारा क्लासमधलाच असावा असा त्याला संशय होता आणि कोण ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्या घरासाठी काही करू शकलो नाही. दोनदा वकिलाकडे सोबत गेलो, एवढंच.

तर हे स्टेटस म्हणजे नेमकं काय आहे? तुम्ही स्टेटस ठेवता तेव्हा ते भिंतीवर लावलेल्या कागदासारखं एकाच जागी राहत नाही. त्याची प्रत तुमच्या कॉन्टॅक्टमधल्या फोनांकडे जाते. तुम्ही सेटिंग बदललं नसेल, तर ज्यांचा नंबर तुमच्याकडे आणि तुमचा नंबर ज्यांच्याकडे सेव्ह आहे, त्या सगळ्यांना ते दिसतं. त्या मुलाच्या फोनमध्ये सहाशेच्या वर नंबर होते. क्लासचे सर, गॅसवाला, क्रिकेटमध्ये ज्यांच्याशी मारामारी झाली ते, पैठण गेटला ज्याच्याकडून मोबाइलची काच बदलून घेतली तो. पोरगा समजत होता की आपण पाच मित्रांना दाखवतोय. चोवीस तासांनी जे जातं ते व्हॉट्सॲपच्या पडद्यावरून जातं. दुसऱ्याच्या फोनच्या गॅलरीतून ते जात नाही.

‘माझं स्टेटस माझ्याच ओळखीच्यांना दिसतं, मग ते खासगी नाही का?’ हा प्रश्न कोर्टातही विचारून झालाय. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे असाच एक खटला आला होता. आरोपीचा बचाव हाच होता. न्यायालयानं तो मानला नाही. स्टेटसचा हेतूच आपलं म्हणणं ओळखीच्या लोकांपर्यंत पोहोचवणं हा असतो, तेव्हा ते जबाबदारीनं वापरा, असं न्यायालय म्हणालं आणि गुन्हा रद्द करायला नकार दिला. त्याच्या एक महिना आधी, ७ जून २०२३ ला, कोल्हापूर पेटलं होतं. तिथंही सुरुवात काही पोरांच्या स्टेटसपासून झाली, त्यातही अल्पवयीन मुलं होती. बंदची हाक, दगडफेक, दुकानांची मोडतोड, आणि मग इंटरनेट बंद. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सतरा वर्षांच्या मुलाचं स्टेटस मूर्खपणाचं होतं म्हणून कुणाच्या दुकानावर दगड मारायचा अधिकार कुणाला मिळत नाही. दगड मारणाऱ्याचा गुन्हा दगड मारणाऱ्याचाच. आणि काहीही न लिहिलेला माणूसही मरतो, हे माझ्या पिढीतल्या मुस्लिम आयटीवाल्यांना कुणी शिकवायला नको. २ जून २०१४. हडपसर. फेसबुकवर शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विकृत केलेली चित्रं फिरली म्हणून पुण्यात तणाव होता. मोहसीन शेख, मूळ सोलापूरचा, आयटी कंपनीत नोकरीला, रात्री नमाज पढून खोलीकडे परतत होता. त्याला जमावानं मारलं. त्या पोस्टशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. टोपी आणि दाढी एवढाच त्याचा ‘प्रोफाइल’. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. मी तेव्हा पुण्यात नवीन नोकरीला होतो. अम्मी रोज संध्याकाळी फोन करून एकच विचारायची, खोलीवर पोचलास का.

तेव्हा ‘गप्प बसा, काही लिहू नका’ असं सांगायला मी आलेलो नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, तेव्हा पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर त्याबद्दल प्रश्न विचारला आणि तिच्या मैत्रिणीनं ते लाइक केलं. पोलिसांनी दोघींना पकडलं. त्यावरून देशभर आवाज उठला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द झालं. एका मुस्लिम घरातल्या मुलीची आणि तिच्या हिंदू मैत्रिणीची ती दोन-चार ओळींची पोस्ट. फरक माझ्या मते इथं आहे. त्या मुलीनं स्वतःच्या डोक्यानं, स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या नावानं काहीतरी म्हटलं होतं. चाचांच्या मुलानं काहीच म्हटलं नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी, बहुतेक लाइक मोजायला बसलेल्या माणसानं, बनवलेली चिथावणी त्यानं आपल्या नंबरवर चिकटवली. मी त्याला नंतर विचारलं, ज्या बादशाहाचं चित्र ठेवलंस त्याच्याबद्दल तुला काय माहीत आहे? तो म्हणाला, काहीच नाही, पण समोरचे चिडतात. खुलताबाद इथून पंचवीस किलोमीटरवर आहे. तो कधी गेला नव्हता.

स्टेटसवरून ग्रुपकडे येतो. तिथं आपली बाजू फार स्वच्छ आहे असं समजू नका.

व्हॉट्सॲपवर एप्रिल २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे. म्हणजे निरोप तुमच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि समोरच्याच्या फोनवर उघडतो, वाटेत कंपनीलाही वाचता येत नाही. हे खरं आहे. पण यावरून लोक समजतात की ग्रुपमधलं बोलणं कुणाला कळणारच नाही. अहो, ग्रुपमध्ये अडीचशे लोक आहेत, म्हणजे त्या कुलपाच्या अडीचशे चाव्या वाटलेल्या आहेत. त्यातला एक फोन चोरीला गेला, दुरुस्तीला गेला, पोलिसांनी जप्त केला, किंवा त्यातला एक माणूस तुमच्यावर रुसला, की संपलं. शिवाय मजकूर बंद असला तरी कोण कुणाशी, कधी, किती वेळा बोललं याची नोंद वेगळी असते. ती कुलपात नाही. ग्रुप ॲडमिन झालेल्यांच्या माहितीसाठी एक सांगतो : २०२१ मध्ये नागपूर खंडपीठानंच म्हटलंय की सदस्यानं टाकलेल्या मजकुराला केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, त्यात त्याचा समान हेतू दिसला पाहिजे. हे चांगलं आहे. पण ठाण्यात बोलावणं येतं तेव्हा निकालपत्र खिशात नसतं.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच माणसांना गावकऱ्यांनी ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, सोलापूरकडच्या मंगळवेढ्याची, भिक्षा मागायला आलेली. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ असा व्हॉट्सॲपवरचा निरोप त्यांच्या आधी गावात पोचला होता. त्यांचा जीव घेणाऱ्या अफवेत धर्माचा काही संबंध नव्हता. फिरस्ता, अनोळखी, गरीब एवढं पुरलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला निरोप असेल तर, ती एकावर आणली. माझ्या धंद्यातली मंडळी अशा बदलाला ‘फ्रिक्शन’ म्हणतात. मी साधं सांगतो, गाडीच्या रस्त्यावर घातलेला गतिरोधक. गतिरोधकानं गाडी हळू होते, दिशा बदलत नाही.

आणि आपल्या गाडीची दिशा? नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. आपल्या ग्रुपांमध्ये, उर्दू शाळांच्या पालकांमध्ये काय फिरलं ते इथं बसलेल्या अनेकांना आठवत असेल. ही लस आपल्याच मुलांना नपुंसक करायला आणली आहे. मी स्वतः हा निरोप चार वेगवेगळ्या ग्रुपांत पाहिला, त्यातला एक आमच्या खानदानाचा. मी काय केलं? काही नाही. मोठ्यांच्या तोंडी कुठं लागायचं, म्हणून गप्प बसलो. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीला, भिवंडीला, मालेगावला गोवराची साथ आली. मुलं दगावली. साथीचं कारण एकटी अफवा नव्हती. कोरोनात लसीकरण विस्कळीत झालं होतं, वस्त्या दाटीच्या, दवाखाने अपुरे. पण लस न घेतलेली मुलं त्यात फार होती, आणि काही घरांत ती का घेतली गेली नव्हती याचं उत्तर आपल्याच फोनमध्ये होतं. आपल्याविरुद्ध पसरणाऱ्या खोट्याची यादी आपल्याला तोंडपाठ असते, २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये तबलीगच्या नावानं काय काय चाललं ते आपण विसरणार नाही, विसरूही नये. पण सूरह हुजुरातमध्ये आलेली बातमी तपासून घेण्याची जी ताकीद आहे, ती काय फक्त दुसऱ्यांच्या बातम्यांसाठी आहे?

आता माझ्या धंद्याकडे येतो, आणि हा भाग जरा लांबवणार आहे, कारण इथं मी स्वतः गुन्हेगारांच्या बाकावर आहे.

तुमच्यापैकी किती जणांच्या फोनवर अजानचं ॲप आहे? बरेच हात वर आले. ‘मुस्लिम प्रो’ नावाचं एक ॲप आहे, जगभर चालतं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या ‘मदरबोर्ड’ या नियतकालिकानं उघड केलं की हे ॲप वापरणाऱ्यांची ठिकाणं ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होती, आणि एक्स-मोडच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराची कंत्राटं घेणारे होते. त्या वेळी या ॲपचे डाउनलोड नऊ कोटींच्या वर होते. बातमी आल्यावर ॲपवाल्यांनी एक्स-मोडशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं एक्स-मोडच्या वारस कंपनीला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकायला बंदी घालणारा आदेश काढला. विचार करा. माणूस कोणती नमाज कुठं पढतो, हे विकण्याची वस्तू झाली. आणि ती माहिती कुणी चोरून नेली नव्हती. ‘परवानगी द्या’ वर आपणच बोट ठेवलं होतं, कारण वेळा आणि किब्ल्याची दिशा काढायला ठिकाण लागतंच.

हे आतून कसं चालतं ते सांगतो. ॲप फुकट असतं, पण बनवणाऱ्याला पगार द्यायचे असतात. मग एखादी कंपनी येते आणि म्हणते, आमचा हा तयार कोड तुमच्या ॲपमध्ये घाला, दर महिन्याला वापरणाऱ्यांच्या संख्येनुसार पैसे देतो. घालायला किती वेळ लागतो? दोन-तीन ओळी, पंधरा मिनिटं. मग ॲपला मिळालेली परवानगी त्या पाहुण्या कोडलाही मिळते. पाहुणा दर काही मिनिटांनी अक्षांश, रेखांश, वेळ आणि फोनचा जाहिरात क्रमांक आपल्या घरी पाठवत राहतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, एका ठिकाणी, मीही असा पाहुणा एका ॲपमध्ये आणून बसवला. कंपनीचं नाव घेत नाही, हात माझे होते. तो कोड नेमकं काय पाठवतो हे मी वाचलं नव्हतं. वरिष्ठांनी सांगितलं, काम संध्याकाळी द्यायचं होतं, दिलं. ते ॲप लोकांनी किती दिवस वापरलं आणि ती ठिकाणं पुढे कुठं गेली, मला आजही माहीत नाही. मुस्लिम प्रोची बातमी वाचली त्या रात्री मला ती पंधरा मिनिटं आठवली.

लोक म्हणतात, त्यात नाव कुठं असतं? नावाची गरजच नसते. रेखांश-अक्षांशात दशांश चिन्हानंतर पाच आकडे असले की जागा साधारण एका मीटरपर्यंत कळते. रात्री दोन वाजता फोन जिथं असतो ते घर. सकाळी दहा ते सहा जिथं असतो ते ऑफिस. जुम्म्याला दीड वाजता जिथं असतो ती मशीद, आणि कुठल्या मशिदीत जातो यावरून कुठल्या मसलकचा हेसुद्धा. २०१३ साली पंधरा लाख मोबाइलधारकांच्या नोंदींवर झालेलं एक संशोधन आहे. एखादा माणूस कुठं आणि कधी होता याचे चार ठिपके कळले, तर १०० पैकी ९५ माणसं गर्दीतून वेगळी काढता येतात, असं त्यात दिसलं. चार ठिपके. त्या कॅफेच्या रजिस्टरात आम्ही खोटी नावं लिहायचो, एकानं तर ‘शाहरुख खान, मन्नत’ असं लिहून सहीसुद्धा केली होती. ते आता चालणार नाही.

कायदा आहे का? आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. २०२३ मध्ये संसदेनं डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा केला. संमती घ्या, कशासाठी घेता ते सांगा, अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती घ्या, असं सगळं त्यात आहे. पण सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मोठी खिडकीही त्यात ठेवली आहे. कंपनीपासून थोडं संरक्षण, सरकारपासून फारसं नाही, असं मी त्याचं वाचन करतो. वकील मंडळी माझ्याशी वाद घालतील, घालू द्या.

आणि घरापासून? यावर कुठला कायदा बोलत नाही, म्हणून मी बोलतो. इथं मागच्या रांगांत बहिणी बसल्या आहेत. त्यांना विचारा, तुमच्या फोनचा पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे? भाईजानला, अब्बूंना, लग्न झालेलं असेल तर नवऱ्याला, कधी सासूलाही. आणि भाईजानच्या फोनचा पासवर्ड बहिणीला माहीत आहे का? गूगल आपल्यावर पाळत ठेवतं म्हणून मुठी आवळणारा मुलगा जेवण झाल्यावर बहिणीचा फोन उघडून चॅट वाचतो आणि त्याला ‘काळजी’ म्हणतो.

हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दलची एक प्रसिद्ध रिवायत तुम्ही ऐकली असेल. मदिन्यात रात्री गस्त घालताना एका घरातून गाण्याचा आवाज आला, म्हणून ते भिंत चढून आत गेले. आत माणूस दारू पीत होता. त्यांनी खडसावलं. तो माणूस म्हणाला, मी एक गुन्हा केला, आपण तीन केलेत. पाळत ठेवायची नाही असा हुकूम असताना पाळत ठेवलीत, घरात दारानं यावं तर भिंतीवरून आलात, आणि परवानगी न घेता, सलाम न करता आलात. खलिफा त्याला सोडून निघून गेले. ही गोष्ट आपण मिंबरवरून ऐकतो ती न्यायी खलिफाची म्हणून. मला त्या दारू पिणाऱ्या माणसाचं नवल वाटतं. त्याला आपला हक्क पाठ होता.

जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’. मुस्लिम मुलींचे, पत्रकारांचे, कार्यकर्त्यांचे फोटो त्यांच्याच खात्यांवरून उचलून त्यांचा खोटा ‘लिलाव’ मांडणारी ॲप्स. गिटहबवर टाकलेली, जिथं मीही रोज कोड ठेवतो. पकडलेल्या आरोपींत अभियांत्रिकी शिकणारी पोरं होती, वीस-एकवीस वर्षांची. कोडमध्ये अवघड असं काहीच नव्हतं. फोटो आणा, एक यादी करा, त्यातला एक दाखवा. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी करेल. बायकांनी तक्रारी केल्या, नावानिशी समोर येऊन लढल्या, मुंबई पोलिसांनी अटकाही केल्या. त्याच आठवड्यात आपल्या किती घरांत मुलींना सांगितलं गेलं की फोटो काढ, अकाउंट बंद कर, फोन दे? लिलाव मांडणारा कुणीतरी भलताच होता. घरात बसवली गेली ती आपली मुलगी. माझ्या नात्यातल्या एका मुलीचं ऑनलाइन शिक्षण चालू होतं, तिचा फोन काढून घेतला गेला आणि ते सत्र बुडालं. तिला खासगीपणा मिळाला असं त्या घरात आजही सगळे मानतात.

तलाकचंही तेच. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा नेला, तेव्हा तलाक तोंडी यायचा किंवा टपालानं यायचा. आमच्या पिढीत तो एसएमएसनं आणि व्हॉट्सॲपनं यायला लागला. एका निळ्या टिकेत संसार संपलेला. २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २०१९ चा कायदा यांनी तो रद्दबातल ठरवला, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक स्वरूपाचा वेगळा उल्लेख आहे. नवऱ्याला तुरुंगात पाठवण्याच्या कलमाबद्दल आपल्यात मतभेद आहेत, माझेही आहेत. पण तो निरोप आता पुरावा आहे. तेव्हा बहिणींनो, असा निरोप आला तर संतापून डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ दिसेल असा, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा. ज्या स्क्रीनशॉटनं चाचांचं घर हललं, तोच इथं कामाला येतो.

शहराच्या नावाबद्दल मला प्रश्न येणारच, म्हणून दोन मिनिटं. नाव बरोबर की चूक, हा आजचा विषय नाही. मला इंजिनिअर म्हणून एक गोष्ट खटकली. जून आणि जुलै २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाचे ठराव झाले, केंद्राची मंजुरी पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. मधल्या काळात कुणी कोर्टात गेलं, कुणी जल्लोष केला. पण गूगल मॅप्सवर नवं नाव जुलै २०२२ मध्येच दिसायला लागलं. तेव्हाच्या आपल्या खासदारांनी गूगलला जाहीरपणे विचारलं की कुठल्या आधारावर? सरकारच्या निर्णयाला निदान अधिसूचना असते, हरकत घ्यायला टेबल असतं. नकाशाला टेबल नाही.

असंच भाषेचं. मोबाइलवर ‘इस्लाम’ शोधा, जे बयान समोर येतील ते लाहोरचे, लखनौचे, मुंबईचे. चांगले असतील, वाईट असतील. पण श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, हे तुम्हाला यंत्र आपणहून दाखवणार नाही. यंत्राचं त्यात वैर नाही. जे जास्त पाहिलं जातं ते ते पुढं ढकलतं, आणि आपण मराठीत लिहितो कमी, वाचतो त्याहून कमी. माझी दादी ओव्या म्हणायची. त्यातली एकही माझ्याकडे रेकॉर्ड नाही. हातात रोज रेकॉर्डर असताना. आपल्या या मासिकाला मराठीत लिहिणारे हवेत, हे संयोजकांनी मला सांगायला सांगितलं नव्हतं, मीच सांगतोय.

बोलणं लांबलं. आता असं करू. बाहेर चहाशेजारी एक टेबल मांडलंय. माझ्यासोबत कॉलेजची दोन मुलं आणि एक मुलगी आहे. फोन घेऊन या. स्टेटस कुणाला दिसतं ते बघू आणि सहाशेवरून वीस-पंचवीसवर आणू. अजानच्या ॲपची ठिकाणाची परवानगी काढून शहराचं नाव हातानं टाकू, वेळा तशाच बरोबर येतात, मी ताडून पाहिलंय. जाहिरात क्रमांक पुसू. व्हॉट्सॲपचा बॅकअप कुलूपबंद आहे का ते पाहू. एका फोनला दहा मिनिटं लागतील. फोन तुमच्याच हातात राहील, पासवर्ड आम्हाला सांगायचा नाही.

बहिणींसाठी वेगळं टेबल आहे, तिथं ती मुलगी बसेल. भाऊ सोबत आले असतील तर त्यांनी तोवर चहा घ्यावा.